हातात काय ठेवावे : स्क्रॅबलच्या पटावरील निर्णयांविषयी



आपल्या व्याख्यानमालेत कविता, नाटक, कोश, बोली असे विषय होत आले आहेत. आज मी एका खेळाविषयी बोलणार आहे, आणि तोही इंग्रजी अक्षरांचा खेळ. काही भुवया उंचावल्या असतील तर ते साहजिक आहे. पण शब्दांवर प्रेम करणारी माणसे जिथे जमतात तिथे या खेळाची चर्चा व्हायला हवी, असे मला फार दिवसांपासून वाटते. कारण हा खेळ शब्दांचा असूनही त्यात शब्दांवरच्या प्रेमाने जिंकता येत नाही. तसे का, हेच आज सांगायचे आहे.

खेळाची माहिती थोडक्यात. अमेरिकेतल्या महामंदीच्या काळात आल्फ्रेड बट्स या वास्तुविशारदाचे काम गेले. रिकाम्या हातांनी त्याने ‘न्यूयॉर्क टाइम्स’ची पाने पुढ्यात घेतली, कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजले आणि त्यावरून अक्षरांची संख्या व गुण ठरवले. पुढे १९४८ मध्ये जेम्स ब्रुनो याने हक्क घेतले आणि ‘स्क्रॅबल’ हे नाव दिले. पटावर १५ गुणिले १५, म्हणजे २२५ घरे. पिशवीत १०० सोंगट्या. त्यातल्या ९८ अक्षरांच्या आणि २ कोऱ्या. कोरी सोंगटी हवे ते अक्षर होते, तिला गुण नाहीत. ई बारा आहेत, एस मात्र चारच. क्यू आणि झेड एकेक, प्रत्येकी १० गुणांचे. प्रत्येकाच्या रॅकवर सात सोंगट्या असतात. सातही एका खेळीत लावल्या तर ५० गुण वर मिळतात. घरी चौघे मिळून खेळतात, स्पर्धेत समोरासमोर दोघेच. प्रत्येकाला २५ मिनिटे, बुद्धिबळासारखे घड्याळ, आणि वेळ उलटला की दर मिनिटाला १० गुण कापले जातात.

घरच्या खेळात कोणी विचित्र शब्द लावला की आपण विचारतो, ‘अहो, याचा अर्थ काय?’ स्पर्धेत हा प्रश्न कोणी विचारत नाही. शब्द यादीत आहे की नाही, एवढेच पाहतात. जगभरच्या बहुतेक इंग्रजी स्पर्धा कॉलिन्सच्या यादीवर चालतात, उत्तर अमेरिकेची यादी वेगळी आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. नवशिक्या खेळाडू आपल्या सात अक्षरांतून सर्वांत जास्त गुणांचा शब्द शोधतो. जाणता खेळाडू शब्द शोधतोच, पण त्याच वेळी मागे काय उरते ते पाहतो. पटावर ठेवलेल्या अक्षरांचे गुण लगेच वहीत लिहिता येतात. रॅकवर राहिलेल्या अक्षरांचे मोल कुठेच लिहिलेले नसते, ते स्वतः करावे लागते.

एक उदाहरण घेऊ. पहिलीच खेळी तुमची आहे. रॅकवर ए, ई, आय, एन, एस, टी आणि वाय आहेत. या सातांचा मिळून एक शब्द होत नाही. पहिला शब्द मधल्या घरावरून जावा लागतो आणि त्याचे गुण दुप्पट होतात. ‘यीस्ट’, म्हणजे वाय-ई-ए-एस-टी, असा शब्द लावला आणि त्याचा वाय अक्षराचे गुण दुप्पट करणाऱ्या घरात बसवला, तर २४ गुण होतात. मागे उरतात आय आणि एन. चांगली कमाई आहे, घरी कोणीही हेच करील.

दुसरा मार्ग असा. फक्त ए-वाय हा दोन अक्षरी शब्द लावायचा. गुण १०. मागे ई, आय, एन, एस, टी राहतात. ही इंग्रजीतली सर्वांत मनमिळाऊ अक्षरे, आणि आणखी दोन बरी अक्षरे आली की सातांचा शब्द होण्याची आशा मोठी. शिवाय चारांपैकी एक एस हाती राहतो. पटावरच्या कितीतरी शब्दांना शेवटी चिकटून एस अनेकवचन करून देतो, म्हणून जाणते खेळाडू त्याचे मोल त्याच्या छापील एका गुणापेक्षा बरेच वरचे धरतात, साधारण आठाच्या आसपास. एस खर्च करायचा तर त्या खेळीतून निदान तेवढे गुण जास्त मिळायला हवेत, हा रोजचा हिशेब.

तिसरा मार्ग ऐकून घरचा खेळाडू हसेल. काहीच लावायचे नाही. एकटा वाय पिशवीत परत द्यायचा आणि एक नवे अक्षर घ्यायचे. गुण शून्य. पण हातात जी सहा राहतात, त्यांची गंमत अशी की इंग्रजी वर्णमालेतले जवळजवळ कोणतेही अक्षर त्यांना मिळाले तर सातांचा शब्द होतो. डी आला तर ‘इन्स्टेड’. जी आला तर ‘सीटिंग’. एल आला तर ‘सेलियंट’. आर आला तर ‘रिटेन्स’. व्ही आला तर ‘नेटिव्हज’. अगदी झेड आला तरी ‘झेनिएस्ट’ आहे. क्यूसारखे एखादेच अक्षर वाट अडवते.

म्हणजे चोवीस, दहा आणि शून्य अशा तीन वाटा झाल्या. कोणती घ्यावी? एकच अक्षर बदलले की समोरच्याला कळते की उरलेली सहा फार चांगली आहेत. मग तो जागा मोकळ्या ठेवणार नाही. ए-वाय लावले तर त्या दोन अक्षरांच्या आधी बी, डी, एस अशी कितीतरी अक्षरे बसतात, म्हणजे समोरच्यालाही मोठा शब्द आडवा टेकवायला आधार मिळतो. ‘यीस्ट’ लावले तर एस गेला आणि पुढच्या पाळीला हात जवळजवळ रिकामा. मला स्वतःला दहाची खेळी आवडते. पण हा कल झाला. यावर दोन चांगले खेळाडू तासभर भांडू शकतात, आणि त्यांच्या भांडणात एकाही शब्दाच्या सौंदर्याचा उल्लेख येणार नाही.

याच विचारातून रॅकचा तोल सांभाळणे येते. स्वर आणि व्यंजने प्रमाणात हवीत. दोन यू किंवा तीन आय हातात अडकले तर गुण थोडे कमी घेऊनही ते आधी काढून टाकायचे. काही वेळा संपूर्ण पाळी सोडून सगळीच अक्षरे बदलायची. पिशवीत निदान सात सोंगट्या असतील तरच अशी बदली करता येते. पाळी सोडणे जिवावर येते खरे. पण वाईट अक्षरे घेऊन चार पाळ्या रखडत चालण्यापेक्षा एक पाळी गमावलेली बरी, हे हिशेबाने दिसते. आपल्याकडे पत्ते खेळणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. हातचा हुकूम कधी काढायचा, यावर किती घरांत किती वाद झाले असतील!

लांब शब्दांविषयी आपल्यासारख्या वाचकांना उगाच आदर असतो. त्याला धक्का देणारी गोष्ट २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरी घडली. नायजेरियाच्या वेलिंग्टन जिगेरे याने अंतिम लढतीत इंग्लंडच्या लुइस मॅके याला ४-० असे हरवून जागतिक अजिंक्यपद मिळवले. नायजेरियन खेळाडूंनी मध्यम लांबीच्या, विशेषतः पाच अक्षरी शब्दांवर जाणीवपूर्वक भर दिला होता. अंतिम लढतीत जिगेरेने ‘फेल्टी’ हा पाच अक्षरी शब्द ३६ गुणांना लावला, त्याची नंतर बरीच चर्चा झाली. मोठा शब्द पटावर पसरला की समोरच्याला नव्या जागा मिळतात, आणि हातातली चांगली अक्षरेही एकदम संपतात. याचा अर्थ ५० गुणांवर पाणी सोडावे असा नाही. ५० गुणांची खेळी दिसली तर नायजेरियाचा खेळाडूही ती लावतोच. फक्त तिच्या आशेवर तो पाच पाळ्या उपाशी बसत नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण २००६ चे आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात लेक्सिंग्टन इथल्या एका क्लबात मायकेल क्रेस्टा या सुताराने एका डावात ८३० गुण केले. त्यातले ३६५ एकट्या ‘क्विक्झॉट्री’ या शब्दाचे. अमेरिकेत तो विक्रम ठरला. पण तज्ज्ञांनी तो डाव तपासला तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मानही हलवली. त्या शब्दासाठी क्रेस्टाने अक्षरे बदलून घेऊन वाट पाहिली होती, आणि हवी ती अक्षरे येण्याची शक्यता इतकी कमी होती की कसलेला खेळाडू त्या वाटेला गेलाच नसता. शब्दाचा अर्थ डॉन किहोतेसारखे वागणे, म्हणजे पवनचक्क्यांवर भाला घेऊन धावणे. इतका चपखल योगायोग लेखकाने रचला असता तर आपण त्याला कृत्रिम म्हटले असते.

मात्र या प्रसंगातून जो प्रश्न उभा राहतो तो हसण्यावारी नेता येत नाही. निर्णय चुकीचा आणि फळ उत्तम, असे झाले तर आपण काय म्हणायचे? आणि निर्णय बिनचूक असून हार पदरी आली तर? स्पर्धेचा खेळाडू डाव संपल्यावर निकालाकडे पाहून स्वतःची परीक्षा करत नाही. त्या क्षणी मला काय ठाऊक होते, काय ठाऊक असू शकत होते, आणि तेवढ्यावर मी योग्य खेळी निवडली का, एवढेच तो विचारतो. बोलायला सोपे आहे. एका वाईट अक्षराने अंतिम फेरी हातची गेल्यावर असे विचारू शकणारी माणसे मात्र थोडी.

काय ठाऊक असू शकते, याची सीमा या खेळात डावागणिक सरकत जाते. खेळाडू वहीच्या कडेला सगळी अक्षरे लिहून ठेवतात आणि पटावर आलेली एकेक खोडत जातात. त्याला परवानगी आहे. पिशवी रिकामी झाली की समोरच्याकडे नेमके काय आहे ते न बघता कळते, आणि मग डाव बुद्धिबळासारखा उघडा होतो. खरी कसोटी त्याच्या जरा आधी असते. समजा पिशवीत एकच सोंगटी उरली आहे. समोरच्याकडे सात. म्हणजे तुम्ही न पाहिलेल्या सोंगट्या आठ. त्यांत क्यू आहे, आणि त्याला बसायला पटावर जागा नाही. तो पिशवीत असण्याची शक्यता आठात एक. तुम्ही सोंगटी लावली की पिशवीतली ती शेवटची तुम्हालाच घ्यावी लागणार. क्यू आला आणि समोरच्याने आपल्या सोंगट्या आधी संपवल्या, तर तुमच्या उरलेल्या गुणांच्या दुप्पट, म्हणजे एकट्या क्यूचे २०, त्याच्या खात्यात जातात. तुम्ही १५ गुणांनी पुढे असाल तर? अन् १५ गुणांनी मागे असाल तर? आठात एक हे प्रमाण दोन्ही वेळा तेच, निर्णय मात्र वेगळा. पुढे असलेल्याने पट बंद करावा, धोका टाळावा. मागे असलेल्याने पट उघडावा, सरासरीने वाईट पण दाणा पडण्याची आशा असलेली खेळी घ्यावी. मागे पडलेला माणूस सुरक्षित खेळत राहिला तर तो सुरक्षितपणे हरतो.

समोरच्याच्या मनात शिरणेही यात येते. चांगल्या खेळाडूने अचानक दोनच अक्षरे लावून आठ गुण घेतले, तर त्याच्याकडची पाच जपण्यासारखी आहेत असे समजावे. न बोलता तो बरेच काही बोलून गेलेला असतो.

संगणकाला यात गोडी वाटावी हे नवल नाही. ब्रायन शेपर्ड यांचा ‘मेव्हन’ आणि नंतरचा ‘क्वाकल’ हे प्रोग्रॅम प्रत्येक संभाव्य खेळीनंतर न पाहिलेली अक्षरे हजारो वेळा अंदाजाने वाटून पाहतात, प्रत्येक वेळी डाव एक-दोन पाळ्या पुढे खेळतात आणि सरासरी काढतात. १९९८ मध्ये मेव्हनने अॅडम लोगन या कसलेल्या खेळाडूविरुद्धची लढत ९-५ अशी जिंकली. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अर्थ न कळणारे यंत्र शब्दांच्या खेळात जिंकते, याचे आपल्याला वाईट वाटते. पण माणसांतही तेच घडले आहे.

न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स पाच वेळा इंग्रजीचे जगज्जेते झाले. २०१५ मध्ये त्यांनी फ्रेंच भाषेचे जागतिक अजिंक्यपद मिळवले, आणि त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हते. नऊ आठवडे यादी पाठ केली असे सांगतात. २०२४ मध्ये स्पॅनिशमध्येही तेच झाले. त्याआधी २००३ मध्ये थायलंडचा पानुपोल सुज्जयाकोर्न इंग्रजीचा जगज्जेता झाला. थायलंडचे अनेक उत्तम खेळाडू इंग्रजीत सहज गप्पा मारणारे नव्हेत. रिचर्ड्स यांची एक खेळी खेळाडूंत नेहमी सांगितली जाते. त्यांच्याकडे सी, डी, एच, एल, आर, एन आणि एक कोरी सोंगटी होती. पटावरच्या ई भोवती ‘चिल्ड्रन’ हा शब्द होत होता, आणि कोणालाही तो दिसला असता. रिचर्ड्स यांनी पटावर सुटी सुटी पडलेली दोन ओ आणि एक ई अशी तीन अक्षरे गुंफून ‘क्लोरोडाइन’ लावला, दहा अक्षरांचा. हे औषध मूळ भारतातल्या ब्रिटिश फौजेतल्या डॉ. जॉन कॉलिस ब्राउन यांनी पटकीवर काढलेले. त्या क्षणी रिचर्ड्स यांना त्यातले काही आठवले असेल असे मला वाटत नाही, आणि आठवण्याची गरजही नव्हती.

पुष्कळ साहित्यप्रेमी यावर म्हणतात की मग हा भाषेचा अपमान आहे. मला तसे वाटत नाही. आपल्याकडे वेदपाठी मंडळींनी अर्थाची पर्वा न करता शब्द जपले, हे आपण अभिमानाने सांगतो. पाठांतर हे भांडवल आहे, त्याची गुंतवणूक कशी करायची हा निराळा गुण. रिचर्ड्स जिंकतात ते दोन्ही असल्यामुळे. नुसती यादी पाठ असलेले खेळाडू शेकड्यांनी आहेत.

पण अर्थाचा पूर्ण काडीमोड होतो का? २०२० मध्ये उत्तर अमेरिकेतल्या स्पर्धांच्या यादीतून, आणि पुढच्या वर्षी कॉलिन्सच्या यादीतून, वंश, धर्म, लिंग यांवरून माणसांना हिणवणारे शब्द काढून टाकले. खेळाडूंत दोन तट पडले. पटावर शब्द म्हणजे केवळ गुण मिळवण्याचे साधन, असे एका तटाचे म्हणणे. ज्याला तो शब्द रस्त्यात ऐकवला गेला त्याने तो शांतपणे समोर ठेवलेला पाहायचा का, असे दुसऱ्याचे. मी दुसऱ्या बाजूचा आहे. खेळाचा नियम सगळ्यांना सारखा असतो. शब्दाचा घाव सगळ्यांना सारखा बसत नाही.

खोट्या शब्दांचेही असेच. यादीत नसलेला शब्द मुद्दाम लावता येतो. समोरच्याने हरकत घेतली नाही तर तो शब्द पटावर राहतो आणि गुणही मिळतात. उत्तर अमेरिकेत हरकत चुकली तर हरकत घेणाऱ्याची पाळी जाते, आंतरराष्ट्रीय स्पर्धांत साधारणपणे ५ गुणांचा दंड असतो. दंड जितका कडक तितका धीट खोटेपणा चालतो. सभागृहातही वक्त्याने न ऐकलेला शब्द वापरला की आपण मान डोलावतो, कारण हरकत चुकली तर पाळी आपली जाते!

शेवटी आपल्या भाषेकडे. असा खेळ मराठीत उभा करायचा तर काय काय ठरवावे लागेल, हा प्रश्न मला रोचक वाटतो. आपल्या शब्दकोड्यात एका घरात एक अक्षर मावते, मात्रा-वेलांटीसकट. पण नुसत्या बाराखडीची रूपे चारशेहून अधिक होतात, जोडाक्षरे निराळी. शंभर सोंगट्यांत ती बसवायची कशी? मात्रा सुट्या केल्या तर लिपीचा मोडतोड केलेला सांगाडा समोर येतो. मोजणी करणारा एक बट्स आपल्याला हवा आहे.

व्याकरणाचा परिणाम तर डावपेचांवर थेट होईल. विभक्तीची रूपे चालतील असे ठरले, तर ‘त’ ही सोंगटी एसचे काम करील. ‘नदी’ला चिकटली की ‘नदीत’, ‘पेटी’ला चिकटली की ‘पेटीत’. पण ‘घर’ला ती चिकटत नाही, कारण ‘घरात’ होताना ‘र’चा ‘रा’ होतो आणि पटावरची सोंगटी बदलता येत नाही. ‘शाळा’ही तशीच सुटते. म्हणजे आपले सामान्यरूप, ज्याने शाळेत आपल्याला छळले, ते या पटावर बचावाचे साधन होईल. पुढे असलेल्याने ‘घर’ लावावे, मागे असलेल्याने ‘नदी’.

आणि यादी कोणाची? कॉलिन्समध्ये इडली, डोसा आणि लाख केव्हाच आले. मुंगूसही मराठीतून गेला असे कोशकार सांगतात. आपल्या यादीत गोव्याचा पोदेर येईल का? बेळगावचा कुंदा, बडोद्याच्या घरातला खाखरा, इंदूरचा सराफा? हा निव्वळ मानाचा प्रश्न नाही. क्यू-आय हा दोन अक्षरी शब्द उत्तर अमेरिकेच्या यादीत २००६ मध्ये आला, आणि एका रात्रीत क्यूचे ओझे हलके झाले. एक शब्द आत आला की एका अक्षराचे नशीब पालटते. ‘ळ’चेच पाहा. त्याने सुरू होणारा शब्द आपल्याकडे नाही, म्हणून पहिल्या नजरेला तो अवघड वाटतो आणि कोणीही त्याला चढे गुण देईल. पण फळ, मळ, गळ, बळ, जळ, कळ, डाळ, माळ, नळ असे कितीतरी दोन अक्षरी शब्द त्याने संपतात, आणि पटावर सुटे पडलेले ‘फ’ किंवा ‘ब’ मिळाले की तो लगेच बसतो. तेव्हा त्याला दोन गुण द्यायचे की आठ, हे मोजल्याशिवाय मी सांगणार नाही. पण माझ्या रॅकवर आला तर पहिल्या पाळीला मी तो खर्च करणार नाही.